पडद्यावरून गेलेले बटण खरेच गेले का?

शिरगाव (ता. मावळ) : गुरुवारी सकाळपासूनच जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील सोमाटणे फाट्याहून शिरगावकडे वळणाऱ्या वाहनांची रीघ लागते. 'प्रति शिर्डी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येथील साई मंदिराच्या दर्शनाला येणारा भाविक पूर्वी फाट्यावर गाडीची काच खाली करून रस्ता विचारीत असे. आता तो मोबाइलच्या पडद्यावरील नकाशा पाहतो. त्या नकाशाच्या कोपऱ्यांत काही बटणे असतात. एक अधिक चिन्हाचे, एक वजा चिन्हाचे, एक होकायंत्राचे आणि एक 'मी कुठे आहे' हे दाखवणारे. नकाशा तयार करणारे लोक त्यांना 'कंट्रोल' म्हणतात.

ही बटणे पडद्यावर येतात आणि काम झाले की नाहीशी होतात. पाहणाऱ्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपतो. प्रत्यक्षात मात्र अनेकदा केवळ बटणाचे चित्र पुसले जाते, त्याचे काम मागे चालूच राहते. त्यातून मोबाइल तापतो, बॅटरी उतरते, नकाशा अडखळू लागतो. आणि क्वचित प्रसंगी तर पडद्यावर चुकीच्या जमिनीची माहिती उमटते. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यापासून ज्या तालुक्यात गुंठ्या-गुंठ्याचा भाव विचारला जातो, तेथे ही चूक किरकोळ म्हणता येत नाही.

फरशांचा नकाशा

वेबवरील नकाशा हे एक सलग चित्र नसते. चौकोनी फरशा जुळवून जमीन घालावी, तसा तो लहान लहान चौकोनांतून जोडलेला असतो. रूढ पद्धतीत अशी प्रत्येक फरशी २५६ गुणिले २५६ ठिपक्यांची असते. सर्वांत दूरच्या पातळीवर संपूर्ण जग एकाच फरशीत मावते. एक पातळी जवळ गेले की एका फरशीच्या चार होतात. अठराव्या पातळीपर्यंत पोचता पोचता फरशांची संख्या ६,८७१ कोटींच्या वर जाते. अर्थात ब्राउझर त्यांतील फक्त समोर दिसणाऱ्या काही फरशा मागवतो आणि बाजूला सरकलेल्या टाकून देतो.

या पद्धतीचा सर्वदूर प्रसार झाला तो २००५ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत गूगलने नकाशांची सेवा सुरू केली आणि जूनमध्ये इतर संकेतस्थळांना ते नकाशे आपापल्या पानांवर लावण्याची वाट खुली करून दिली. २००६ मध्ये 'ओपनलेअर्स' ही मुक्त स्रोत लायब्ररी आली. २००९ मध्ये 'इस्रो'ने 'भुवन' सुरू केले. २०११ मध्ये युक्रेनच्या व्होलोदिमिर अगाफोंकिन या प्रोग्रॅमरने 'लीफलेट' ही अतिशय सुटसुटीत लायब्ररी प्रसिद्ध केली. २०२० च्या डिसेंबरात 'मॅपबॉक्स'ने आपल्या लायब्ररीचा परवाना बदलल्यावर तिच्या जुन्या मुक्त आवृत्तीतून 'मॅपलिब्र' जन्माला आली.

या सर्व लायब्रऱ्यांबरोबर काही तयार बटणे येतात. परंतु प्रत्येकाची गरज निराळी. कोणाला गावांची यादी हवी असते, कोणाला मोजपट्टी, कोणाला नकाशावर टिचकी मारताच गट क्रमांक दाखवणारी चौकट. अशा वेळी प्रोग्रॅमर स्वतःचे कंट्रोल लिहितो. खरी गुंतागुंत येथून सुरू होते.

मांडव घालणे आणि उतरवणे

कंट्रोलचे आयुष्य समजून घ्यायचे तर गावातला उत्सव डोळ्यांसमोर आणावा. उत्सवाआधी मांडव पडतो. त्यासाठी बांबू रोवले जातात, कापड ताणले जाते, जवळच्या खांबावरून विजेची तार ओढली जाते, नळाला पाइप जोडला जातो, भाड्याच्या खुर्च्या येतात. उत्सव संपल्यावर कंत्राटदाराने केवळ कापड गुंडाळून नेले तर मांडव उतरला असे दुरून वाटेल. पण तार खांबाला तशीच लोंबत राहील, नळ वाहत राहील आणि खुर्च्यांचे भाडे चढत राहील.

कंट्रोलचेही असेच असते. ते नकाशावर लावले जाते त्या क्षणी लायब्ररी त्याची एक ठरावीक क्रिया चालवते. 'लीफलेट' व 'मॅपलिब्र' यांत तिला 'ऑन-अ‍ॅड' म्हणतात. या क्रियेत बटणाची चौकट तयार होते आणि बाहेरच्या जगाशी जोडण्या होतात. नकाशा हलला की कळवावे, खिडकीचा आकार बदलला की कळवावे, उपग्रहांकडून मोबाइलचे स्थान मिळत राहावे, दर दहा सेकंदांनी ताजी माहिती यावी, अशा या जोडण्या. एखाद्या घटनेची वाट पाहत बसणाऱ्या कार्याला 'लिसनर', म्हणजे श्रोता म्हणतात. कंट्रोल काढताना 'ऑन-रिमूव्ह' ही दुसरी क्रिया चालते. पहिल्या क्रियेत जे जे जोडले ते ते सोडवणे, हेच तिचे काम.

अडचण अशी, की 'ऑन-अ‍ॅड' लिहिल्याशिवाय बटण दिसतच नाही; म्हणून ती कोणीही विसरत नाही. 'ऑन-रिमूव्ह' रिकामी ठेवली तरी पडद्यावर सारे ठीकठाक दिसते. त्यामुळे नेमकी तीच राहून जाते.

प्रत्येक लायब्ररीची रीतही वेगळी आहे. 'लीफलेट' काढलेल्या कंट्रोलची चौकट स्वतः पानावरून उचलते. श्रोते सोडवण्याची जबाबदारी मात्र लिहिणाऱ्यावर असते. 'मॅपलिब्र'मध्ये चौकटसुद्धा लिहिणाऱ्यानेच काढायची असते. 'ओपनलेअर्स'मध्ये कंट्रोलला 'आता तुझा नकाशा कोणताच नाही' असे सांगितले की त्याने नोंदवून ठेवलेले श्रोते सुटतात. जे नोंदवलेच नाहीत ते राहतात. गूगलच्या नकाशांत बटण म्हणजे कोपऱ्यातील यादीत घातलेला एक साधा घटक असतो. तो यादीतून काढता येतो, पण त्याच्यामागची आवराआवर कोणी आपणहून करून देत नाही. एका लायब्ररीत शिकलेली सवय दुसरीत तशीच वापरणारा प्रोग्रॅमर म्हणूनच फसतो.

घंटागाडी दारापर्यंतच येते

येथे जाणकार वाचक विचारतील, की वापरात नसलेली माहिती संगणक आपोआप साफ करीत नाही काय? करतो. जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'लिस्प' या भाषेविषयीच्या शोधनिबंधात या कल्पनेचे वर्णन आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या 'जावास्क्रिप्ट'मध्येही ती सोय आहे. तिला 'गार्बेज कलेक्टर' म्हणतात.

परंतु ही यंत्रणा शहरातील घंटागाडीसारखी आहे. घंटागाडी दारात ठेवलेला कचरा नेते. घरात शिरून कोणती वस्तू निरुपयोगी आहे हे ठरवत नाही. गार्बेज कलेक्टरची कसोटी एकच असते. चालू असलेल्या कार्यक्रमातून एखाद्या वस्तूपर्यंत पोचण्याची वाट शिल्लक आहे का? वाट असेल तर वस्तू वापरात आहे, असे तो समजतो.

आता काढून टाकलेल्या कंट्रोलचा विचार करावा. त्याचा श्रोता नकाशाच्या यादीत अजून आहे. श्रोत्याला आपले कंट्रोल ठाऊक आहे, कंट्रोलला आपली चौकट ठाऊक आहे आणि चौकटीत गावभरच्या गटांची यादी आहे. नकाशा जिवंत आहे तोवर ही सारी साखळी जिवंत राहते. दिसत नसले तरी ते बटण मेमरीत जागा अडवून बसलेले असते.

यातूनच एक सोपा नियम निघतो. बटणाच्या स्वतःच्या चौकटीला जोडलेला श्रोता आधुनिक ब्राउझरमध्ये चौकटीबरोबरच नाहीसा होतो. त्याची फारशी चिंता नको. ज्याचे आयुष्य बटणापेक्षा मोठे आहे त्याच्याशी जोडलेला धागा मात्र स्वतःहून तोडावा लागतो. नकाशा, ब्राउझरची खिडकी, घड्याळाचे ठोके देणारे टायमर, स्थान सांगणारी सेवा आणि सर्व्हरकडे गेलेली विनंती ही अशी दीर्घायुषी मंडळी होत.

आजार जुनाच

हा प्रश्न आजचा नाही. २००१ मध्ये आलेल्या 'इंटरनेट एक्स्प्लोरर ६' या ब्राउझरमध्ये पानावरील घटकांचा हिशेब एक यंत्रणा ठेवीत असे आणि जावास्क्रिप्टचा हिशेब दुसरी. बटणाने कार्याला आणि कार्याने बटणाला धरून ठेवले की दोन्ही यंत्रणांना ती वस्तू वापरात आहे असे वाटे. पान बदलले तरी मेमरी सुटत नसे. ब्राउझरच बंद करावा लागे. गूगलच्या नकाशांच्या त्या काळातील आवृत्तीत 'जीअनलोड' नावाची खास आज्ञा होती. पान बंद होताना ती चालवावी, म्हणजे मेमरी गळणार नाही, असे प्रोग्रॅमरना सांगितले जाई. इंटरनेट कॅफेतल्या संगणकावर दिवसभर नकाशे पाहिले की यंत्र मंदावे, त्यामागे अशी गळती हेही एक कारण असू शके.

पुढे ब्राउझर सुधारले आणि ती आज्ञा मागे पडली. परंतु त्याच काळात संकेतस्थळांची घडण बदलली. पूर्वी प्रत्येक क्लिकला नवे पान येई आणि जुन्या पानाबरोबर त्यावरची सारी अडगळ जाई. आता एकच पान तासन् तास उघडे राहते व त्याच्या आतील भाग तेवढे बदलत राहतात. सगळे पुसून टाकणारा तो क्षणच उरला नाही. म्हणून आवराआवरीचे काम ब्राउझरकडून पुन्हा प्रोग्रॅमरकडे आले.

दोन शिरगावांचा घोटाळा

गळतीने यंत्र मंदावते हे समजण्यासारखे आहे. चुकीची माहिती कशी येते, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

महाराष्ट्रात शिरगाव एकच नाही. पालघर तालुक्यात किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले शिरगाव आहे. सिंधुदुर्गातील देवगड तालुक्यात एक आहे. गोव्यात डिचोली तालुक्यातील लईराई देवीच्या जत्रेचे शिरगाव सर्वांना ठाऊक आहे. शिवाय जमिनीचे गट क्रमांक प्रत्येक गावात एकपासून सुरू होतात. तेव्हा एकाच क्रमांकाचा गट दोन्ही शिरगावांत असू शकतो.

समजा, एखाद्या खासगी संकेतस्थळावर गाव निवडले की गटांचा नकाशा उघडतो आणि गटावर टिचकी मारली की बाजूच्या चौकटीत क्षेत्रफळ दिसते. पुण्यातील एका ग्राहकाने चुकून पालघरचे शिरगाव निवडले. चूक लक्षात येताच त्याने मावळचे निवडले. पहिल्या गावाची चौकट पडद्यावरून गेली, दुसरी आली. परंतु पहिल्या चौकटीचा श्रोता नकाशावर तसाच राहिला.

आता ग्राहक मावळच्या गट क्रमांक १२० वर टिचकी मारतो. टिचकी एक, पण ऐकणारे दोन. नवा श्रोता मावळ-शिरगावच्या गट १२० ची माहिती मागवतो. जुन्याच्या लक्षात अजून पालघरच आहे; तो पालघर-शिरगावच्या गट १२० ची मागवतो. दोन्ही उत्तरे एकाच चौकटीत लिहिली जातात आणि जे उशिरा पोचेल ते आधीचे पुसून टाकते. सह्याद्रीच्या कुशीत मोबाइलची रेंज कमी-जास्त होत असते. कोणते उत्तर आधी येईल हे नशिबावर. चौकटीच्या वर 'शिरगाव, ता. मावळ' आणि खाली दुसऱ्याच जिल्ह्यातील क्षेत्रफळ, असे चित्र उभे राहते. पुन्हा टिचकी मारली तर कदाचित बरोबर आकडा येईल. म्हणूनच ही चूक पकडणे अवघड जाते.

ग्राहकाने गावे पाहण्याचा सपाटा लावला तर दुसरे संकट येते. दहा गावे पाहून अकराव्यावर आल्यावर प्रत्येक घटनेला अकरा श्रोते धावतात. माउस हलण्याची घटना सेकंदाला साठ वेळा घडू शकते. म्हणजे साठऐवजी ६६० वेळा काम. नकाशा अडखळतो आणि दोष इंटरनेटला दिला जातो.

'मी कुठे आहे' या बटणाची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्याने स्थानाची सतत पाहणी सुरू केलेली असते. बटण काढताना ती थांबवण्याची आज्ञा दिली नाही तर, पान उघडे आहे तोवर मोबाइल आपले स्थान कळवतच राहतो. बॅटरीचा प्रश्न एकीकडे. पण ज्या बटणाला परवानगी दिली ते समोर नसताना आपला ठावठिकाणा घेतला जाणे, हे कोणालाही रुचणारे नाही.

आवराआवरीचे नियम

यावरचे उपाय महागडे नाहीत, शिस्तीचे आहेत.

पहिला नियम, जोडणी करतानाच तिची पावती जपून ठेवणे. टायमर सुरू केला की एक क्रमांक मिळतो. स्थानाची पाहणी सुरू केली की तसाच क्रमांक मिळतो. तो हाती असेल तरच नंतर थांबवता येते. श्रोत्याच्या बाबतीत ज्या कार्याची नोंद केली नेमके तेच कार्य परत द्यावे लागते. हुबेहूब दिसणारे दुसरे कार्य दिले तर ब्राउझर ते ओळखत नाही आणि तक्रारही करीत नाही. जागच्या जागी लिहिलेली निनावी कार्ये पुढे काढता येत नाहीत, ती याच कारणाने.

दुसरा नियम, उलट्या क्रमाने सोडवणे. मांडव उतरवताना आधी वीज बंद करतात, मग बांबू उपटतात. तसे आधी श्रोते व टायमर थांबवावेत, मग चौकट काढावी आणि शेवटी नकाशाची आठवण पुसावी.

तिसरा नियम, वाटेत असलेल्या विनंत्या रद्द करणे. त्यासाठी आधुनिक ब्राउझरमध्ये 'अ‍ॅबॉर्ट-कंट्रोलर' नावाची सोय आहे. एकच खूण अनेक विनंत्यांना आणि श्रोत्यांना देऊन ठेवता येते. ती खूण खाली केली की सारे एकदम थांबतात. तरीही उत्तर आलेच तर ते लिहिण्यापूर्वी 'हे कंट्रोल अजून नकाशावर आहे काय' आणि 'हे उत्तर आता निवडलेल्याच गावाचे आहे काय' हे तपासावे. गावाची ओळख नावावरून न ठेवता सांकेतांकावरून ठेवावी. जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतांक दिलेला असतो. त्यामुळे दोन शिरगावांची गल्लत होत नाही.

चौथा नियम, काढण्याची क्रिया दोनदा चालली तरी बिघाड होऊ नये आणि काढलेले कंट्रोल पुन्हा लावता यावे.

पाचवा नियम संपूर्ण नकाशाविषयीचा. नकाशाच काढायचा असेल तर त्याचीही अखेरची क्रिया चालवावी लागते. 'लीफलेट'चा नकाशा नीट न काढता त्याच जागी दुसरा मांडू पाहिले तर 'ही जागा आधीच व्यापलेली आहे' अशा अर्थाची चूक येते. 'मॅपलिब्र'सारखे नकाशे चित्रे काढण्यासाठी संगणकाच्या ग्राफिक्स यंत्रणेचा आधार घेतात. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये असे ठरावीकच आधार एका वेळी जिवंत राहू शकतात. मर्यादा ओलांडली की ब्राउझर सर्वांत जुना आधार काढून घेतो आणि तो नकाशा कोरा पडतो.

शिस्त पाळली की नाही हे तपासण्याची रीतही साधी आहे. ब्राउझरमधील प्रोग्रॅमरसाठीच्या साधनांत मेमरीचे छायाचित्र घेता येते. एक घ्यावे, तेच कंट्रोल वीस वेळा लावून काढावे आणि दुसरे घ्यावे. काढलेली वीस कंट्रोल त्यात सापडली तर गळती सिद्ध झाली. लोकप्रिय 'रिअ‍ॅक्ट' या लायब्ररीने मार्च २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून अशी एक परीक्षा अंगभूतच केली. विकासाच्या टप्प्यावर कडक तपासणी चालू ठेवली तर ती प्रत्येक घटक मुद्दाम एकदा लावते, काढते व पुन्हा लावते. अर्धवट आवराआवर त्यामुळे लगेच उघडी पडते.

वाचकांनी काय करावे?

सर्वसामान्य माणसाला नकाशाच्या पोटात शिरून श्रोते मोजता येणार नाहीत. पण काही सवयी उपयोगी ठरतात. वेगवेगळ्या गावांचे नकाशे पाहताना एका गावाहून दुसऱ्या गावाकडे जाण्यापूर्वी पान ताजे करून घ्यावे, म्हणजे मागची अडगळ पुसली जाते. चौकटीतील गाव, तालुका व जिल्हा वाचून मगच आकडा टिपावा आणि तोच गट पुन्हा उघडून आकडा तोच येतो का ते पाहावे. नकाशा बघून झाल्यावर पान बंद करावे. मोबाइलवर स्थानदर्शक खूण विनाकारण दिसत असेल तर त्या संकेतस्थळाची परवानगी काढून घ्यावी.

आणि जमिनीचा व्यवहार असेल तर पडद्यावरील नकाशा हा केवळ पहिला अंदाज समजावा. इसार देण्यापूर्वी सात-बारा उतारा पाहणे आणि भूमि अभिलेख विभागाकडून रीतसर मोजणी करून घेणे याला पर्याय नाही. मावळ तालुक्याचे ठिकाण वडगाव आहे. शिरगावहून ते अंतर फार नाही. पडद्यावर मात्र मावळचे शिरगाव आणि पालघरचे शिरगाव यांच्यामध्ये न काढलेल्या एका श्रोत्याचेच अंतर असू शकते.